स्टिरिओ स्लाईडचं माऊंटिंग: पैसे माऊंटवर नको, मापावर घाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने ३५ मिमी स्लाईड फिल्मवर जोडचित्रं (प्रत्येक डोळ्यासाठी एक) काढता, रोल न कापता धुऊन मिळतो, पण तयार स्टिरिओ माऊंट महाग पडतात. घरी पुठ्ठ्याचे माऊंट करून पाहिले तर खोली दिसते, पण चार-पाच स्लाईड पाहिल्या की डोळे ओढल्यासारखे होतात. कमी खर्चात अचूक माऊंटिंग जमेल का?

जमेल, आणि पुठ्ठ्यातच जमेल. डोळे ओढतात त्यात पुठ्ठ्याचा दोष नाही, फिल्मचे दोन तुकडे एकमेकांच्या हिशेबात चुकीच्या जागी बसलेत. माऊंट म्हणजे दोन चौकटी आणि फिल्म धरून ठेवायची सोय, एवढंच. अचूकपणा ठरतो तो फिल्म कशी कापली, चौकटींमधलं अंतर किती ठेवलं आणि चिकटवण्याआधी तुकडे कशावर जुळवून पाहिले यावर. त्यामुळे हाताशी पैसे मोजके असतील तर ते चांगल्या स्टीलच्या पट्टीवर, चांगल्या लूपवर (डोळ्याशी धरून बारीक पाहायचं भिंग) आणि एका गेजवर (पारदर्शक शीटवरची मापाची जाळी) घाला. माऊंट स्वस्तातला चालतो.

आधी कोणती चूक किती छळते ते पाहू, म्हणजे मेहनत कुठे घ्यायची ते कळेल. आपले डोळे आत वळायला सरावलेले असतात. जवळचं काहीही पाहताना ते वळतातच. बाहेरच्या बाजूला फाकणं त्यांना फारच थोडं जमतं. एक डोळा वर आणि दुसरा खाली, हे तर जवळजवळ जमतच नाही. म्हणून दोन तुकड्यांच्या उंचीतला फरक ही सगळ्यांत त्रासदायक चूक. व्ह्यूअरचं, म्हणजे ज्यातून दोन्ही डोळ्यांनी स्लाईड पाहतो त्या उपकरणाचं, भिंग साधारण ४५ मिमी फोकल लेंग्थचं धरा. तुकड्यांच्या उंचीत ०.१ मिमी फरक पडला तर डोळ्यांना तो सुमारे ८ मिनिटांच्या कोनाएवढा दिसतो, म्हणजे एक अंशाचा साधारण आठवा भाग. एखाददुसऱ्या स्लाईडला डोळे हे सांभाळून घेतात, पण ओळीने पन्नास स्लाईड पाहायच्या असतील तर नाही. फरक ०.३ मिमी झाला की चित्र जुळतं, सुटतं, पुन्हा जुळतं, आणि बघणारा व्ह्यूअर खाली ठेवून डोळे चोळतो. मी ०.१ मिमीच्या आत राहायचा आग्रह धरतो. लूप आणि बारीक रेघांचं गेज असेल तर ते अवघड नाही.

तुकडा किंचित फिरलेला असणं ही चूक वेगळी वाटते, पण खरं तर तीही उंचीचीच. २३ मिमी रुंद तुकडा अर्ध्या अंशाने फिरला तर त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उंचीत ०.२ मिमी फरक पडतो. चित्राच्या मध्यावर उंची जुळलेली असते, म्हणून सगळं ठीक वाटतं. कडेकडे नजर गेली की ताण येतो. घरगुती माऊंटमध्ये डोळे ओढण्याचं हे सगळ्यांत सर्रास सापडणारं कारण आहे. तुमच्या स्लाईड तपासताना पहिला संशय याच्यावरच घ्या.

आडव्या दिशेतली चूक मात्र निराळी. तुकडे एकमेकांपासून थोडे लांब किंवा जवळ सरकले तर ताण लगेच येत नाही. बदलते ती चित्राची चौकटीमागची जागा. इथे स्टिरिओ विंडो समजून घ्यावी लागते. या बाबतीत घाई करू नका.

दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या दोन चौकटी मिळून हवेत एकच खिडकी दिसते. सगळं दृश्य त्या खिडकीच्या मागे असलं की नजर शांतपणे आत जाते. एखादी वस्तू खिडकीच्या पुढे आली आणि तरी खिडकीच्या कडेने कापली गेली, तर मेंदूला दोन परस्परविरोधी गोष्टी एकदम कळतात: वस्तू जवळ आहे, पण लांबच्या चौकटीने झाकली आहे. अशा जागी चित्र थरथरतं. ४१ × १०१ मिमीच्या प्रमाणित माऊंटमध्ये चौकटींच्या मध्यांमधलं अंतर साधारण ६२.२ मिमी असतं. दूरवरच्या एखाद्या वस्तूचे, समजा डोंगराच्या टोकाचे, दोन्ही तुकड्यांतले बिंदू घ्या. त्यांना मी पुढे जोडबिंदू म्हणतो. अनंतावरच्या जोडबिंदूंमधलं अंतर ६३.५ मिमीपेक्षा जास्त नसावं, नाहीतर बऱ्याच लोकांचे डोळे फाकायला लागतात. चित्रात सगळ्यांत जवळ असलेल्या वस्तूच्या जोडबिंदूंमधलं अंतर ६२.२ च्या खाली जाऊ नये, नाहीतर ती वस्तू खिडकीबाहेर येते. दोन्ही मर्यादांमध्ये जेमतेम १.३ मिमी उरतात. दृश्याची सगळी खोली एवढ्यात बसवायची असते. म्हणूनच तुकडा अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी फार झाला.

एखाद्या चित्रात मुळात किती खोली उतरली आहे, याचा हिशेब सोपा आहे. भिंगाची फोकल लेंग्थ गुणिले दोन भिंगांमधलं अंतर, भागिले सगळ्यांत जवळच्या वस्तूचं अंतर. सगळं मिमीमध्ये घ्या. पार्श्वभूमी अनंतावर असेल तर येणारं उत्तर म्हणजे फिल्मवरचा फरक. भिंग ३५ मिमी, भिंगांमधलं अंतर ७० मिमी आणि जवळची वस्तू २.१ मीटरवर असेल तर ३५ × ७० ÷ २१०० म्हणजे १.१७ मिमी. हे आरामात बसतं. तीच वस्तू एक मीटरवर असेल तर फरक २.४५ मिमी होतो, आणि मग जगातला कुठलाही माऊंट ते चित्र सुधारू शकत नाही. एकतर दूरचं फाकेल किंवा जवळचं खिडकीबाहेर येईल. जवळची वस्तू भिंगांमधल्या अंतराच्या किमान तीसपट लांब ठेवावी हा जुना नियम याच हिशेबातून आला आहे. त्यामुळे माऊंट करायला बसण्याआधी रोलमधल्या जोड्या निवडा. जी जोडी या मापात बसणारच नाही तिच्यावर संध्याकाळ घालवू नका.

तुमचा कॅमेरा स्टिरिओ रिअलिस्टच्या घराण्यातला असेल, तर एक मोठं काम कॅमेऱ्यानेच करून ठेवलं आहे. सीटन रॉचवाइटने आखलेला आणि मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीने १९४७ साली बाजारात आणलेला हा कॅमेरा पाच भोकांच्या रुंदीची फ्रेम घेतो. फिल्मच्या कडेच्या भोकांचं अंतर ४.७५ मिमी असतं आणि एका जोडीच्या दोन फ्रेममध्ये पंधरा भोकांचं अंतर असतं, म्हणजे ७१.२५ मिमी. भिंगं मात्र एकमेकांपासून ७० मिमीवर आहेत. हा सव्वा मिलिमीटरचा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. त्यामुळे अनंताचे बिंदू दोन्ही फ्रेममध्ये मध्यापासून थोडे बाहेरच्या बाजूला पडतात, आणि दोन्ही तुकडे आपापल्या चौकटीत नुसते मधोमध बसवले तरी खिडकी आपोआप सुमारे दोन मीटरवर येते. जवळची वस्तू दोन मीटरच्या पलीकडे असेल अशा प्रत्येक चित्रात सुरुवात मधोमध बसवण्यापासून करा. बहुतेक वेळा आडवं सरकवायची गरजच पडत नाही. दोन वेगळे कॅमेरे पट्टीवर शेजारी बसवून काढलेल्या जोड्यांना ही सोय नसते. तिथे प्रत्येक जोडी हाताने जुळवावी लागते.

आता कापणं. रिअलिस्ट पद्धतीच्या कॅमेऱ्यात एका जोडीच्या दोन फ्रेम लागोपाठ नसतात, त्यांच्यामध्ये दुसऱ्या जोड्यांच्या दोन फ्रेम येतात. म्हणून कात्री उचलण्याआधी अख्खा रोल लाईट बॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) पसरा आणि कोणती फ्रेम कोणाची जोडीदार ते ठरवा. रोलच्या सुरुवातीला आणि शेवटी जोडीदार नसलेल्या फ्रेम सापडतील, त्या बाजूला काढा. मग भोकांच्या पट्टीवर, चित्राच्या बाहेर, बारीक कायम शाईच्या पेनने प्रत्येक फ्रेमला जोडीचा क्रमांक आणि डावा-उजवा लिहा. दोन तुकडे सारखेच दिसतात, आणि एकदा कापल्यावर कुठला कुठे होता हे ओळखणं जिकिरीचं होतं.

डाव्या-उजव्याचा घोळ इथेच होतो, म्हणून हे सावकाश वाचा. कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी पडते. फिल्मची पट्टी चमकदार बाजू आपल्याकडे करून, चित्रं सुलटी दिसतील अशी धरली, तर डाव्या भिंगाचं चित्र उजवीकडे येतं आणि उजव्याचं डावीकडे. म्हणजे पट्टी आहे तशीच माऊंटमध्ये घातली तर खोली उलटी होते: डोंगर पुढे आणि माणूस मागे. कापून अदलाबदल करावीच लागते. शंका आली तर जवळची आणि दूरची अशी दोन वस्तूंची ठिकाणं पाहा. डाव्या डोळ्याच्या चित्रात जवळची वस्तू पार्श्वभूमीच्या तुलनेत उजवीकडे सरकलेली असते. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि कधीच फसवत नाही. तुकडा सुलटा आहे का हे कडेच्या छापील अक्षरांवरून कळतं. चमकदार बाजूने पाहिलं की अक्षरं वाचता येतात, आणि माऊंटमध्ये हीच बाजू बघणाऱ्याच्या डोळ्यांकडे यायला हवी. निस्तेज दिसणारी इमल्शनची (चित्र असलेल्या थराची) बाजू प्रकाशाकडे.

कापताना फिल्मची लांब कड हाच एकमेव भरवशाचा आधार आहे. ती कारखान्यातून सरळ आलेली असते. चित्राची कड कॅमेऱ्याच्या चौकटीवर अवलंबून असते आणि अंधाऱ्या चित्रात ती दिसतही नाही. फिल्म कापायचा छोटा कटर मिळाला तर उत्तम. नाहीतर कापायच्या जाड मॅटवर एक स्टीलची पट्टी कायमची चिकटवा, फिल्मची लांब कड तिला टेकवा आणि गुण्याला धरून नव्या पात्याने दोन फ्रेमच्या मधल्या काळ्या रेघेवर कापा. ती रेघ एक मिमीपेक्षाही अरुंद असते, म्हणून लूपखालीच कापा. पातं जुनं झालं की फिल्म कापली न जाता दाबली जाते, कड उचलली जाते, आणि असा तुकडा माऊंटमध्ये कधीच सपाट बसत नाही. पात्यात काटकसर नको. तुकडे फक्त भोकांच्या पट्टीवर चिमट्याने धरा.

आता ज्या गेजबद्दल एवढं बोललो ते. पारदर्शक शीटवर छापलेली मापाची जाळी, एवढंच ते असतं, आणि कुठल्याही रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घरी करता येतं. त्यात माऊंटची बाहेरची रेघ काढा, ४१ × १०१. आत दोन चौकटी काढा, मध्यापासून मध्यापर्यंत ६२.२ मिमी. पूर्ण रुंदीभर आडव्या समांतर रेघा अर्ध्या-अर्ध्या मिमीवर, शक्य तितक्या बारीक, दोन्ही चौकटींतून सलग जाणाऱ्या. उभ्या रेघांच्या दोन जोड्या: एक ६२.२ च्या अंतराने, दुसरी ६३.५ च्या अंतराने, वेगळ्या रंगात. एवढ्यावर सगळं काम होतं.

छापल्यावर मात्र ते मोजल्याशिवाय वापरू नका. छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ असा पर्याय बहुधा आधीच निवडलेला असतो आणि तो गुपचूप माप बदलतो. तो बंद केला तरी प्रिंटर स्वतः अर्धा टक्का इकडेतिकडे करू शकतो, आणि उभ्या-आडव्या दिशेत वेगवेगळा करू शकतो. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण ६२ मिमीवर तो ०.३ मिमी होतो, म्हणजे आपल्या हातातल्या १.३ मिमीचा जवळजवळ चौथा हिस्सा. लेझर प्रिंटरमध्ये शीट तापते, त्यामुळे ती आणखी आकसू शकते. म्हणून जाळीवर दोन्ही दिशांना १०० मिमीच्या दोन रेघा मुद्दाम छापा, स्टीलच्या पट्टीने लूपखाली मोजा, आणि जेवढा फरक येईल तेवढं रेखाटन उलट दिशेने मोठं-लहान करून पुन्हा छापा. दोन-तीन खेपांत माप येतं. मग गेज लाईट बॉक्सवर चारही बाजूंनी चिकटवून टाका. छापलेली बाजू वर ठेवा, म्हणजे रेघ आणि फिल्म यांच्यामध्ये शीटची जाडी येणार नाही. आली तर नजर तिरपी होताच वाचन बदलतं. वर फिल्म घासू नका, उचलून ठेवा.

माऊंटमध्ये पर्याय बरेच आहेत. ज्यात फिल्मच्या भोकांत बसणाऱ्या खुंट्या असतात असे दोन भागांचे प्लॅस्टिकचे माऊंट मिळतात. त्यात आरबीटी या कंपनीचे प्रसिद्ध आहेत. ते सुबक असतात, पुन्हा उघडता येतात, आणि रिअलिस्टसारख्या एकाच पट्टीवर दोन्ही चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यासाठी उंची जवळजवळ आपोआप जुळते. माझा सल्ला असा की ते सगळ्यांसाठी घेऊ नका. प्रोजेक्टरमध्ये जाणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा जुळवाव्या लागणाऱ्या निवडक स्लाईडसाठी ठेवा. दोन कॅमेऱ्यांच्या जोड्यांना खुंट्यांचा फायदा कमी, कारण दोन कॅमेऱ्यांत चित्र भोकांच्या तुलनेत एकाच उंचीवर पडेल याची खात्री नसते, आणि खुंटी तुम्हाला हलूच देत नाही. ॲल्युमिनियमच्या जुन्या पट्ट्या काचेत घालायची पद्धतही चांगली होती, पण काचेचं आणि वेळेचं गणित आता बसत नाही.

बाकी सगळ्यांसाठी घरचं कार्ड. आम्लमुक्त, दोन्ही बाजूंनी काळं, पातळ पण ताठ कार्ड घ्या. माऊंट एक कार्ड दुमडून किंवा दोन कार्डं चिकटवून करता येतो. पुढच्या कार्डाला नेमक्या मापाच्या चौकटी, मागच्याला दीड-दोन मिमी मोठ्या. मोठ्या ठेवल्या म्हणजे दोन्ही कार्डं तंतोतंत जुळवायची कटकट राहत नाही. अचूक कापायच्या त्या पुढच्याच. पाच भोकांच्या फ्रेमचं चित्र साधारण २३ मिमी रुंद असतं, तेव्हा चौकट २१ मिमी रुंद ठेवली तर तुकडा दोन्ही बाजूंना एकेक मिमी सरकवायला जागा राहते. हातानं कापताना कडेला कागदाचे तंतू उरतात, आणि व्ह्यूअरमध्ये ते पाच-सहापट मोठे होऊन खिडकीच्या कडेला केसांसारखे लोंबतात. नवं पातं, आतून बाहेर काप आणि कोपऱ्यात ओढाताण नाही, एवढं पाळलं तर ते टळतं.

मोठ्या संख्येने करायचे असतील तर मी एकच मार्ग सांगेन: चौकटींचं रेखाटन लेझर कटिंग करणाऱ्याकडे किंवा स्टिकर कापणाऱ्या प्लॉटरवाल्याकडे द्या आणि पुढच्या पट्ट्या काळ्या कार्डात किंवा काळ्या पॉलिएस्टर शीटमध्ये एकगठ्ठा कापून घ्या. हातानं शंभर चौकटी कापल्या तर शंभर वेगवेगळी अंतरं येतात. यंत्राने कापल्या तर एकदा ६२.२ तपासलं की काम झालं. आधी एक नमुना कापून घ्या, व्हर्नियरने मोजा, मग बाकीचे सांगा. लेझरने कापलेल्या कार्डाच्या कडेला काजळी असते; कोरड्या मऊ कापडाने पुसून आणि ब्लोअर मारून मगच फिल्मजवळ आणा.

बसवायचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडू नये: आधी फिरकी, मग उंची, शेवटी आडवं अंतर. उलट केलं तर प्रत्येक दुरुस्ती मागची दुरुस्ती बिघडवते.

पुढचं कार्ड पालथं ठेवा, म्हणजे तुम्ही मागून काम करताय. इथे लक्षात ठेवा की मागून पाहताना सगळं आरशातल्यासारखं दिसतं. डाव्या डोळ्याचा तुकडा तुमच्या उजव्या हाताला येतो. कार्डाच्या मागच्या बाजूला आधीच ‘डावा’, ‘उजवा’ लिहून ठेवा. पहिला तुकडा ठेवा, चौकटीच्या वरच्या कडेशी फिल्मची भोकांकडची कड समांतर करा, क्षितिज किंवा इमारतीची कड असेल तर तिच्याकडेही पाहा, आणि वरच्या भोकांच्या पट्टीवर टेपचा छोटा तुकडा लावून पक्का करा. हा तुकडा आता हलवायचा नाही. पुढचं सगळं दुसऱ्या तुकड्यावर.

कार्ड गेजवर ठेवा आणि दुसरा तुकडा सैल ठेवा. आता दोन्ही चित्रांत सापडणारे दोन ठळक बिंदू निवडा, एक चित्राच्या डाव्या कडेजवळ, एक उजव्या कडेजवळ. खांबाचं टोक, खिडकीचा कोपरा, पानावरचा चमकणारा ठिपका; जो बारीक आणि टोकदार असेल तो. लूपमधून पाहा की पहिल्या तुकड्यात डावा बिंदू कुठल्या आडव्या रेघेपासून किती लांब आहे, आणि दुसऱ्या तुकड्यातही तो तेवढाच आहे का. मग उजवा बिंदू. दोन्हीकडे फरक सारखाच असेल, समजा दोन्ही ठिकाणी ०.२ मिमी वर, तर तुकडा फिरलेला नाही, नुसता वर आहे, खाली घ्या. एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली असेल तर फिरला आहे. टोकाला बोथट सुईने किंचित ढकला आणि पुन्हा दोन्ही बिंदू पाहा. डोळ्यांचा अंदाज इथे चालत नाही. रेघेशीच ताडून पाहा.

कधीकधी काहीही केलं तरी चारही कोपरे जुळत नाहीत. वर एका दिशेने फरक, खाली उलट दिशेने, आणि मध्ये सगळं बरोबर, असं दिसलं तर दोन चित्रांचा आकारच वेगळा आहे. दोन कॅमेऱ्यांच्या जोडीत हे होतं. भिंगांच्या फोकल लेंग्थमध्ये एक टक्का फरक असला तरी २४ मिमी उंच चित्रात वरच्या आणि खालच्या कडेला ०.१२ मिमी फरक पडतो. कॅमेरे एकमेकांकडे थोडे वळलेले असतील तर एका चित्राची डावी बाजू आणि दुसऱ्याची उजवी बाजू मोठी दिसते. हे माऊंटमध्ये बरं होत नाही. फरक वर-खाली सारखा वाटून टाका, आणि मुख्य विषय जिथे आहे तिथे तो शून्य करा.

शेवटी आडवं अंतर. गेजवरच्या उभ्या जोड्यांनी दूरचे जोडबिंदू पाहा: ६३.५ च्या आत हवेत. मग जवळच्या वस्तूचे: ६२.२ च्या खाली नकोत. तुकडा बाहेर सरकवला की सगळं दृश्य खिडकीच्या मागे जातं, आत सरकवला की पुढे येतं. दूरची वस्तू अनंतावर नसेल, समजा पार्श्वभूमीला जवळचीच भिंत आहे, तर तिला ६३.५ वर ताणायची गरज नाही. अशा चित्रात मी जवळची वस्तू खिडकीच्या अगदी किंचित मागे ठेवतो आणि भिंत जिथे पडेल तिथे पडू देतो. सरकवताना उंची बिघडली का, हे पुन्हा एकदा पाहा आणि मगच टेप लावा.

टेप फक्त भोकांच्या पट्टीवर, आणि तीही तुकड्याच्या एकाच कडेला. चारही बाजूंनी जखडलेली फिल्म उष्णतेने फुगायला जागा नसल्यामुळे पोक काढते. साधी घरगुती चिकटपट्टी नको. तिचा डिंक पाझरतो, पिवळा पडतो आणि काही वर्षांत तुकडा सरकतो. पॉलिएस्टरची टेप घ्या. थोडी महाग असते, पण एका रिळात असंख्य स्लाईड होतात.

गेज नसतानाही खिडकी तपासायची एक युक्ती आहे, आणि जुन्या स्लाईड चाळताना मी तीच वापरतो. खऱ्या खिडकीतून पाहताना डाव्या डोळ्याला उजव्या कडेजवळचं थोडं जास्त दिसतं आणि उजव्या डोळ्याला डाव्या कडेजवळचं. म्हणून व्ह्यूअरमध्ये एकेक डोळा मिटून पाहा. उजव्या कडेला डाव्या चित्रात थोडं जास्त दृश्य असेल आणि डाव्या कडेला उजव्या चित्रात, तर त्या कडेची वस्तू खिडकीच्या मागे आहे. उलट असेल तर ती पुढे आली आहे. दोन्हीकडे सारखं असेल तर वस्तू नेमकी खिडकीवर. ही तपासणी प्रत्येक कडेला वेगवेगळी करा, कारण डाव्या कडेला दूरचा डोंगर आणि उजवीकडे जवळची फांदी, असं सर्रास असतं.

फांदी खिडकीच्या पुढे आली असेल आणि मागे ढकलायला जागा उरली नसेल, तर त्या बाजूने चौकट अरुंद करा. काळ्या पॉलिएस्टरची बारीक पट्टी दोन्ही तुकड्यांवर लावून फांदी पूर्ण झाकली, तर चित्र दोन मिमी लहान होतं आणि शांत होतं. मधोमध असलेली वस्तू, जिला चौकटीची कड कुठेच शिवत नाही, ती मात्र खिडकीबाहेर आली तरी चालते. कारंज्याचा फवारा किंवा पुढे केलेला हात असा बाहेर आलेला सुंदर दिसतो. खालच्या कडेला जमीन किंचित पुढे आली तर तीही बहुतेकांना खटकत नाही. उभ्या कडांवरची चूक जास्त बोचते.

हाताशी स्मार्टफोन असेल तर शिकण्याच्या काळात त्याचा उपयोग करा. लाईट बॉक्सवर माऊंट ठेवून, फोन अगदी समांतर धरून, दोन्ही चित्रं एकाच फोटोत चौकटीच्या मध्यभागी घ्या. स्टिरिओ फोटो मेकर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात ही जोडी ॲनाग्लिफ करून, म्हणजे एक चित्र लाल आणि दुसरं निळसर रंगात, एकमेकांवर पाहिली की कुठल्या कोपऱ्यात उंची सुटली ते लगेच डोळ्यांत भरतं. सुरुवातीच्या काही स्लाईड अशा पडताळल्या की लूपखालचा तुमचा अंदाज पक्का होतो. फोनच्या भिंगाच्या विकृतीमुळे शेवटचा निर्णय मात्र गेजवरच घ्यावा.

पडद्यावर दाखवायचा विचार असेल तर हिशेब कडक होतो. सुमारे २२ मिमीचं चित्र १.८ मीटर रुंद पडद्यावर टाकलं की ते ऐंशीपट मोठं होतं. ०.१ मिमीची उंचीची चूक तिथे ८ मिमी होते, आणि ती अख्ख्या सभागृहाला एकदम दिसते. खिडक्या पडद्यावर एकमेकींवर जुळवल्या, तर १.२ मिमीचा आडवा फरक ९६ मिमी होतो, म्हणजे डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा सुमारे ३० मिमी जास्त. चार मीटर लांब बसलेल्याला तो अर्ध्या अंशाच्या आतला फाकलेपणा असतो, म्हणून चालून जातो. पुढच्या रांगेत बसलेल्याला त्रास होतो. त्यामुळे पडद्यासाठीच्या स्लाईडमध्ये मी खोली कमी असलेली चित्रं निवडतो, आणि पडद्यापासून पहिली रांग लांब ठेवायला सांगतो. प्रोजेक्टरच्या उष्णतेने उघडी फिल्म वाकते आणि मध्येच फोकस सुटतो, म्हणून या स्लाईडना काच लागते. काच साधी असेल तर फिल्मला चिकटून इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात; खरखरीत पृष्ठभागाची, न्यूटनची वर्तुळं टाळणारी काच घ्या. ५० × ५० मिमीच्या दोन सुट्या माऊंटमध्ये जोडी बसवून दोन प्रोजेक्टर वापरणार असाल, तर नियम तेच, फक्त ६२.२ ऐवजी प्रत्येक तुकडा आपापल्या चौकटीच्या मध्यापासून मोजायचा. हे ५० × ५० चे साधे माऊंट सगळ्यांत स्वस्त असतात. दोन सारखे एकेरी स्लाईड-व्ह्यूअर शेजारी जोडले की बघायची सोयही होते.

आता साठवण. माऊंट बंद करण्याआधी दोन्ही बाजूंनी ब्लोअर मारा. डाव्या तुकड्यावरचा धुळीचा कण उजव्यावर नसतो, त्यामुळे तो हवेत तरंगताना दिसतो आणि साध्या स्लाईडपेक्षा कितीतरी जास्त खुपतो. दमट हवेत काचेतल्या स्लाईडना बुरशी लवकर धरते, कारण आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. म्हणून काच लावण्याआधी तुकडे कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत एक-दोन दिवस ठेवा. पुठ्ठ्याच्या माऊंटना मागच्या बाजूला जोडीचा क्रमांक लिहा आणि पुढच्या बाजूला खालच्या डाव्या कोपऱ्यात एक ठिपका द्या, म्हणजे अंधारातही स्लाईड सुलटी कशी घालायची ते कळेल. कापून उरलेले सुटे तुकडे टाकून देऊ नका. गेजवर हात बसवायला तेच वापरा.